शेवटच्या वावराचं पाणी

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी हो म्हटलं, आणि आज दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. सवय जुनीच आहे. निबंधाला 'माझा आवडता ऋतू' दिला तरी मी गाईवरच लिहायची, हे बाईंना आठवत असेल. संधींबद्दल ज्यांच्या मुलामुलींना विचारायचंय त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसा, सगळं सांगते.

काल संध्याकाळी गावात आले. शाळेच्या फाटकातून आत शिरताना पाय आपोआप हापशाकडे वळले. आठवतोय ना? एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने ओंजळ धरायची, आणि तिसऱ्याने मागून ढकलायचं. हापसा आहे अजून. दांडा गंजलाय, पाणी येत नाही. त्याच्या शेजारी आजच्या कार्यक्रमासाठी वीस-वीस लिटरचे निळे जार ओळीने मांडलेत. ते साक्रीहून टेम्पोने आलेत. मंडपवाल्याचा काही दोष नाही, त्याने चांगली सोय केली. पण पांझरेच्या काठावरच्या शाळेत पाणी विकत आणावं लागतंय, हे पाहून रात्री झोप लागली नाही. म्हणून विषय बदलला.

भूगोलाचे सर समोरच बसलेत. सर, आठवीत तुम्ही आम्हाला 'सहल' म्हणून बंधाऱ्यावर नेलं होतं. आम्ही वैतागलो होतो. बाकीच्या शाळा वेरूळला जातात, आणि आम्हाला काय, तर रोज म्हशी बसतात तो बंधारा! तुम्ही तिथे आम्हाला काठीने मातीत आकृती काढून दाखवली. नदीत आडवा बंधारा, तिथून काठाने निघालेला कालवा, कालव्यातून चाऱ्या, चारीतून प्रत्येकाच्या वावरात जाणारी सारंग, आणि जास्तीचं पाणी परत बाहेर काढणारे सांडम. परीक्षेत हा प्रश्न आला नाही, म्हणून आम्ही सगळे विसरलो. मला तो पुन्हा शिकायला पंचवीस वर्षं आणि एक दुष्काळ लागला.

गावातच राहिलेल्यांना फड माहीत आहे. पण अर्धी मंडळी पुण्या-नाशकात, सुरतेत, दोघी-तिघी तर परदेशात. त्यांच्यासाठी थोडं सांगते.

आपल्या पांझरेवर, तिकडे नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम नद्यांवर फडपद्धत तीन-चारशे वर्षं चालत आली असं अभ्यासक मानतात. खान्देशच्या १८८०च्या गॅझेटियरमध्येही पांझरेवरच्या बंधाऱ्यांचा उल्लेख आहे. बंधारा म्हणजे धरण नव्हे. तो पाणी साठवत नाही, थोडंसं उचलतो आणि कालव्याकडे वळवतो. पुराचं पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जातं. कालवा दोन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत कितीही असू शकतो, आणि सगळं पाणी उतारानेच जातं. मोटार नाही, वीज नाही, रात्री दोन वाजता लाईट आली म्हणून टॉर्च घेऊन पळणं नाही. कालव्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले, बहुतेक गावांत चार. त्या एकेका तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्यात गहू, पलीकडच्यात बाजरी. पुढच्या वर्षी फिरवाफिरव.

इथपर्यंत सरांनी सांगितलं होतं. आता जे सांगते ते मला आबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून कळलं, आणि तेही फार उशिरा नीट कळलं.

पहिली गोष्ट. फडातलं पाणी शेतकरी स्वतः भरायचा नाही. ते काम पाटकऱ्याचं. तुमचं वावर असलं तरी बारं मोडायला तुम्ही हात लावायचा नाही. पाटकऱ्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर पंच. त्यांची मजुरी धान्यात आणि उसात. आपल्या बांधावर पाणी आलं की माणसाची नियत बदलते, हे आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक असणार. म्हणून ज्याची तहान त्याच्याच हातात फावडं दिलं नाही.

दुसरी गोष्ट. पाऊसकाळ संपला की दसरा-कोजागिरीच्या सुमाराला पंच बसायचे. नदीची धार बघायची, विहिरींची पातळी बघायची, आणि ठरवायचं की यंदा किती फड भिजवायचे. चांगलं साल असेल तर चारही. मध्यम असेल तर तीन किंवा दोन. वाईट असेल तर एकच, आणि ऊस बंद. पाणी कमी म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं कमी घ्यायचं, असं नाही. तसं केलं तर सगळ्यांचंच अर्धवट वाळतं. जेवढं भिजवायचं तेवढं पूर्ण भिजवायचं आणि उरलेलं पहिल्याच दिवशी सोडून द्यायचं.

मग ज्याचा फड कोरडा ठेवला त्याने काय करायचं? इथे आपल्या लोकांची कमाल आहे. बहुतेक घरांची जमीन एका जागी नव्हतीच. प्रत्येक फडात एकेक पट्टी. त्यामुळे कोणताही फड सोडला तरी प्रत्येकाचंच थोडं कोरडं राहायचं आणि प्रत्येकाचंच थोडं भिजायचं. दुष्काळ सगळ्यांच्या ताटात सारखा वाढला जायचा. माझी मोठी माय कुरकुर करायची की चार ठिकाणी भाकरी पोचवून पाय मोडतात. तिच्या पायांवर गावाचा विमा उभा होता म्हणायचा.

आणि तिसरी गोष्ट, जी आबा नेहमी म्हणायचे. आपल्या अहिराणीत सांगते: "शेवटना वावरले पयलं पानी." आपल्या फडात पाळी शेपटाकडून सुरू व्हायची. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं वावर, त्याचा नंबर शेवटी. तोंडाशी असलेल्याला पाणी मिळणारच आहे, ते त्याच्या दारावरूनच जातं. त्याला थांबवलं की मधला सगळा कालवा साफ ठेवण्यात त्यालाही गरज वाटते. लहानपणी हे मला फार अन्यायाचं वाटायचं, कारण आमचं वावर तोंडाशी होतं.

हे सगळं कसं मोडलं, यावर बरंच बोलता येईल. वर लाटीपाड्याचं धरण झालं, मग नदीला पाणी कधी येणार हे आवर्तनावर ठरू लागलं, पंचांच्या हातात राहिलं नाही. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, एकाला या फडातली जमीन आणि दुसऱ्याला त्या फडातली. म्हणजे कोरडं राहणं आता वाटून जाईना, ते एकाच घरावर पडू लागलं. पुढे नदीतली वाळू गेली. पात्र इतकं खाली गेलं की कालव्याचं तोंड अधांतरी राहिलं. कोणी नेली ते इथे सगळ्यांना माहीत आहे, मी आज तो विषय काढत नाही. घरात तीन नवी बांधकामं आमचीही झाली, त्यात वाळू लागलीच.

पण मला सांगायचंय ते बोअरचं. कारण त्यात मी आहे.

बोअर आपल्याकडे आली ती शेतीसाठी नव्हे, पिण्याच्या पाण्यासाठी. १९७२चा दुष्काळ आपण कोणी पाहिलेला नाही, पण मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो. माझी मोठी माय तेव्हा खडी फोडायला जायची. त्या काळात खडक फोडणाऱ्या गाड्या आल्या, गावोगाव हापसे बसले. सोलापूरकडे तयार झालेल्या एका पंपावरूनच पुढे 'इंडिया मार्क टू' हा हापसा निघाला, आणि तो जगभर गेला. आपल्या शाळेतला तोच. म्हणजे खोल पाणी ही तहानलेल्यांसाठी राखून ठेवलेली शिदोरी होती. ती आपण पुढे पिकाला घातली.

२००४ साली मला पुण्यात बरी नोकरी लागली. पहिल्या वर्षीचे पैसे साठवून मी नानांना बोअर करून दिली. वडिलांना पोरीने दिलेली पहिली मोठी वस्तू. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून वावरात फिरला, नारळ उभा राहिला. रात्री तमिळनाडूच्या नंबरची गाडी आली. मुरूम गेला, मांजऱ्या गेला, मग काळा पाषाण. अडीचशे फुटांवर दोन इंची पाणी लागलं. नानांनी मला मध्यरात्री फोन केला आणि तो फोन गाडीच्या आवाजाजवळ धरला. मी पुण्यात गॅलरीत उभी राहून रडले होते. माझ्या आयुष्यात त्याहून अभिमानाचा क्षण फारसा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मला पहिल्यापासून कळत होतं. मुळीच कळत नव्हतं.

पाणी आल्यावर नाना फडातून बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे भांडून नव्हे, त्यांना पाळीची गरजच उरली नाही. डाळिंब लावलं, ठिबक केलं. अनुदानाचे कागद मीच ऑनलाईन भरले. आमच्यामागून आणखी चार-पाच जणांनी बोअर घेतल्या. तोंडाशी असलेले शेतकरीच जेव्हा पाळीतून उठतात तेव्हा कालवा साफ कोण करणार? दोन-तीन वर्षांत कालव्यात बेशरम माजली. पाटकरी सुरतेला मिलमध्ये लागला.

२०१२च्या दुष्काळात पहिली बोअर आटली. दुसरी घेतली. २०१६ला तिसरी, साडेचारशे फूट. सगळे पैसे माझे. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर शेतीसाठी घेऊ नये असं लिहिलंय, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी रोज दहा गोष्टी इंटरनेटवर शोधणारी बाई. ही एक शोधली नाही.

आता आपल्या वर्गातल्या एकाबद्दल सांगते. त्याला विचारून सांगतेय. "सांग, पण नाव घेऊ नको," म्हणाला. तो आत्ता इथेच बसलाय. त्याचं वावर आमच्याला लागून, खालच्या अंगाला. शेपटाकडचं. सात परस विहीर, आजोबांनी खणलेली, बहात्तरलाही न आटलेली. दहावीला गणितात मला त्याच्यापेक्षा दोन मार्क कमी होते, आणि त्याने पुढे शिकायचं नाही असं त्याच्या घरी ठरलं तेव्हा मी एक अक्षर बोलले नव्हते.

२०१८च्या पावसाळ्याने दगा दिला. ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. दिवाळीला मी गावी आले आणि फराळाचं ताट घेऊन त्याच्या घरी गेले. मावशी म्हणाल्या, "बस व माय, पयले पानी पी." तांब्याभर पाणी आणि पेला समोर ठेवला. मी अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं, आपली शहरातली सवय, तसंच बाजूला ठेवलं. मावशींनी तो पेला उचलला आणि अलगद माठात परत ओतला. काही बोलल्या नाहीत. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "विहीर दोन वर्षांपासून कोरडी आहे. हे पाणी तुमच्याच नळावरचं आहे. नाना रोज सहा हंडे भरू देतात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

घरी येऊन बघितलं तर खरंच आमच्या वावरातल्या नळावर हंड्यांची रांग होती आणि दहा पावलांवर डाळिंबाच्या ठिबकमधून पाणी टपकत होतं. नानांना मी विचारलं. ते म्हणाले, "सहा हंडे देतो ना? दुसरं कोणी देतं का?" तेही खरंच होतं. नाना वाईट माणूस नाहीत. गावात कोणाचं लग्न अडलं, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर पहिली गाडी आमच्या दारातून निघते. फक्त ज्या पाण्यावर आधी शेजाऱ्याचा हक्क होता, त्यावर आता आमचा उपकार झाला होता. एवढाच फरक पडला होता.

मी इंजिनिअर. मला वाटलं, आधी मोजू. मोजमापाशिवाय आपला जीव कुठे शांत होतो! दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. २०१९चा पाऊस चांगला झाला, त्याची विहीर पुन्हा थोडी भरली. मग रोज सकाळी त्याने विहिरीत दोरी सोडायची आणि आकडा मला पाठवायचा. आमच्या घरून पंप किती तास चालला तो आकडा यायचा. दोन महिने मी ते मांडत गेले. ज्या दिवशी आमची मोटार आठ तास चालायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची विहीर रात्रीतून नेहमीइतकी वर यायची नाही. कोर्टात टिकेल असा हा पुरावा नाही, मला ठाऊक आहे. पण आपल्या खडकाचं साधं आहे. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यात पाणी भेगांतच राहतं. खरं साठवण वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि मांजऱ्यात, जिथे विहिरी असतात. साडेचारशे फुटांवरची बोअर काही पाताळगंगेतून पाणी आणत नाही. भेगेभेगेतून ती वरचंच ओढते. आमच्या बोअरला लागलेलं दोन इंची पाणी कोणाच्या तरी विहिरीतून निघालेलं होतं.

हे मी नानांना लॅपटॉपवर आलेख काढून दाखवलं. कसला मूर्खपणा! नाना चष्मा पुसत म्हणाले, "तू दिलेल्या पैशाने बोअर घेतली. तूच आता बंद कर म्हणतेस. मग तेव्हा कशाला दिलेस?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

खरं सांगते, बोअर बंद झाली ती माझ्या आलेखाने नव्हे, किंवा कोणाच्या मनपरिवर्तनानेही नव्हे. डाळिंबावर तेल्या आला. बाग उपटावी लागली. बाग गेल्यावर पाण्याची तेवढी गरज राहिली नाही, आणि नानांनी गुपचूप तिसऱ्या बोअरची मोटार काढून घेतली. भोवती खड्डा करून त्यात दगड, खडी, वाळू भरली आणि पावसाचं वावरातलं पाणी त्यात सोडलं. ज्या भोकातून ओढत होतो त्यातूनच आता थोडं परत घालतोय. साधा हिशोब आहे. एका एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण वीस लाख लिटर पाणी होतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्याचे दोनशे टँकर. उसाच्या एका एकराला वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर लागतं, म्हणजे चार एकरांवरचा सगळा पाऊस. आबांना हे आकडे माहीत नव्हते, पण वाईट साली पहिला ऊस बंद व्हायचा.

२०२०मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी आठ महिने गावात राहून काम केलं. शाळा सुटल्यानंतर सलग एवढी कधीच राहिले नव्हते. सुरतेला गेलेले पाटकरी बाबा तेव्हा परत आले होते, वय सत्तरीच्या पुढे. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. कोणत्या चारीवर कोणाचं वावर, किती घटका पाणी, कोणाची सारंग कुठे वळते, सगळं तोंडपाठ. त्यांनी सांगायचं, मी टिपायचं. मग माझ्यातली इंजिनिअर पुन्हा जागी झाली आणि मी एक ॲप केलं. पाळी लागली की मोबाईलवर सूचना येणार, पुढचा नंबर दिसणार, सगळं झकास. पंधरा दिवसांत बंद पडलं. कोणाच्या फोनमध्ये जागा नाही, कोणाचा फोन पोराकडे, आणि खरं कारण म्हणजे मोबाईलवर आलेल्या पाळीशी भांडता येत नाही. लोकांना भांडायचं असतं. आता पारावर एक फळा आहे. खडूने लिहितात. भांडण झालं की पुसून पुन्हा लिहितात. तो मात्र पाच वर्षं चालू आहे.

मधे आम्ही दहा-बारा जण आपल्याच तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन आलो. चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरात नाव वाचलं असेल. तिथल्या लोकांनी गेली तीस-पस्तीस वर्षं गावाने स्वतः नियम करून डोंगरावरचं जंगल राखलंय. कुऱ्हाड चालवली तर दंड. डोंगर हिरवा झाला तसं विहिरींना पाणी राहू लागलं. आमच्यातल्या एकाने तिथे विचारलं, योजना कोणती होती? म्हणजे कुठून निधी आला? तिथले लोक हसायला लागले. परत येताना जीपमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. साक्रीपासून एवढ्या जवळ असूनही आपल्यापैकी कितीजण तिथे गेलेत? शाळेची सहल तिकडे न्यायला हरकत नाही, असं मला आताच्या मुख्याध्यापकांना सुचवायचंय. वनभाज्यांच्या महोत्सवाच्या वेळी न्या, पोरं जेवूनही येतील.

आपला फड पूर्ववत झाला असं मी सांगत नाही. चारपैकी एक फड चालतो, तोही कसाबसा. नदीचं पात्र खाली गेलेलं आहे, बंधाऱ्याला दोन ठिकाणी भगदाड होतं ते लोकवर्गणीतून बुजवलं, एका जागी पुन्हा गळतंय. तीन घरं अजून यायला तयार नाहीत, त्यांच्या बोअर चालू आहेत, आणि त्यांच्यापाशी जाऊन काही बोलायचं तोंड मला नाही. जमिनीच्या पट्ट्या परत वाटून घ्यायच्या म्हणजे सात-बाऱ्याला हात लावणं आलं, ते कोणी करणार नाही. मग यावर एक तोडगा निघाला. ज्याचं वावर कोरडं राहील त्याला भिजणाऱ्या फडात एका हंगामापुरता तुकडा कसायला द्यायचा. पहिल्या वर्षी दोघांनीच दिला. एक होते पाटकरी बाबांचे भाऊ. दुसरे नाना. त्यांनी कोणाला दिला ते सांगत नाही, पण गहू छान आला होता, आणि मला त्यातला पाच किलो पुण्याला मिळाला. पैसे घेतले नाहीत म्हणून मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "दहावीचे दोन मार्क धर त्यात."

त्याच्या विहिरीला यंदा कोजागिरीला चार परस पाणी होतं. फळ्यावर लिहिलंय, जाऊन बघा. शेजारी आमची विहीर, आणि देवळामागची. तिन्हींची पातळी बघूनच यंदा एक फड भिजवायचं ठरलं. दोन भिजवावेत असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, भांडण रात्री साडेअकरापर्यंत चाललं. शेवटी पाटकरी बाबा म्हणाले, एकच. आणि सगळे उठून घरी गेले.

बरं, घड्याळाकडे बघून बाई खुणावतायत, अगदी तासाला करायच्या तशाच. एकच सांगायचं राहिलं. पाळी सुरू व्हायच्या आधी कालवा साफ करायचा असतो, आणि तो दिवस उद्या आहे. मेळाव्याची तारीख संयोजकांनी काढली तेव्हा मी गप्प बसले होते, ते याचसाठी. सकाळी साडेसहाला बंधाऱ्यावर जमायचं. फावडी, टिकाव आणि घमेली पारावर ठेवलेली आहेत. बुटांत येऊ नका, गाळ गुडघाभर आहे. जुन्या चपला नसतील त्यांनी आमच्या घरून घ्या, आईने सात-आठ जोड काढून ठेवलेत. पिठलं-भाकरी शेपटाकडच्या शेवटच्या वावरात आहे, त्यामुळे जेवायचं असेल तर तिथपर्यंत साफ करत यावं लागेल. सर, तुमच्यासाठी खुर्ची ठेवतोय, पण काठी घेऊन या. आकृती पुन्हा एकदा काढून दाखवा.